नलूताई आणि कॅप्टनच्या घरची मर्सी

नलूताई मेलेल्या माणसांशी मराठीत बोलत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते अशा बोलतानाच.

तेव्हा मला अमेरिकेत, नेपरव्हिलला मुलाकडं येऊन एकच हिवाळा झाला होता. शनिवारी माझ्या नातीचा चित्रकलेचा क्लास लायब्ररीत असे. माझी सून पल्लवी तिला खाली क्लासात सोडायची आणि मला म्हणायची, "आई, तुम्ही वर शांत बसा. मी ग्रोसरी करून येते, मग दोघींना पिकअप करते." वर बसायला मला आवडायचं, कारण तिथं कुणी कुणाशी बोलत नाही. अनोळखी माणसापुढं माझा आवाज निघत नाही. गावातही निघत नसे. इथं इंग्रजीचं निमित्त मिळालं एवढंच.

त्या दिवशी मी अगदी मागच्या खोलीत गेले. भिंतीला जुनी जाड पुस्तकं होती आणि कोपऱ्यात दोन कॉम्प्युटर. एकापुढं आखूड पांढऱ्या केसांची एक बाई बसली होती. अंगात लोकरीचा स्वेटर, पायात बर्फाचे बूट, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. पडद्यावर मुंग्या सांडल्यासारखं अक्षर होतं आणि बाई त्या अक्षराला सांगत होत्या, "अगं बाई, मेलीस का जगलीस तेवढं सांग की. मी काय जन्मभर इथं बसू?"

मला हसू आलं. त्यांनी मान वळवली, माझ्या कोटाखालची साडी पाहिली आणि जरासुद्धा न लाजता विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"तासगावकडची."

"मी मिरजेची. आणि ही मॅसॅच्युसेट्सची." त्यांनी पडद्याकडं बोट केलं. "हिला जाऊन तीनशे वर्षं झाली. पण दाद देत नाही. बसा."

मी बसले. पुढं कितीतरी शनिवार बसले. पहिले काही त्या मला तुम्ही म्हणाल्या, मग एकदा पेन मागताना सहज "शेवंता, दे गं" म्हणाल्या आणि तेच राहिलं. मी इथं काय करते, किती शिकले, मुलाला पगार किती, असलं काही त्यांनी कधी विचारलं नाही. जिवंत माणसांच्या चौकशा त्या करतच नसत.

नलूताईंचं मराठी जुन्या वळणाचं होतं. तरुणपणी डॉक्टर होऊन पुढं शिकायला म्हणून त्या इकडं आल्या, इथल्याच एका गोऱ्या डॉक्टरशी लग्न करून राहिल्या, आणि त्यांची भाषा त्या वयात होती तशीच राहिली, बरणीत घालून झाकण लावल्यासारखी. पल्लवी म्हणायची, "काकू किती प्युअर बोलतात." नलूताई म्हणायच्या, "प्युअर नाही गं, शिळं." त्यांचे यजमान रॉबर्ट जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. तो दर रविवारी फोन करून "आई, कम लिव्ह विथ अस" म्हणायचा आणि त्या दर रविवारी "बघू" म्हणायच्या.

हॉस्पिटलात त्यांचं काम पेशंटला भेटायचं नव्हतं. शरीरातून काढलेला तुकडा काचेवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि कॅन्सर आहे की नाही ते लिहून द्यायचं. माणूस दिसायचा नाही, नुसता तुकडा दिसायचा. त्या म्हणत, "आता उलटं झालंय. तुकड्यावरून माणूस करायचाय."

हा उद्योग त्यांच्या मागं लागला तो सासरमुळं. रॉबर्टच्या आईचा असा ठाम समज होता की आपलं घराणं या देशात आलेल्या अगदी पहिल्या गोऱ्या लोकांपैकी एका कॅप्टनपासून निघालं. जेवणघरात त्या कॅप्टनपासूनचा वंशवृक्ष काचेत घालून टांगलेला होता. नलूताई नवीन सून म्हणून त्या घरी गेल्या तेव्हा सासूनं आधी तो दाखवला आणि मग बाथरूम कुठं आहे ते दाखवलं. अशा घराण्यांतल्या वंशजांची इथं एक जुनी संस्था आहे. तिचं सभासद व्हायचं तर एकेक पिढी पुराव्यानं जोडून दाखवावी लागते. सासूनं अर्ज केला आणि संस्थेनं तो परत पाठवला. बाकी पिढ्या ठीक होत्या, पण सगळ्यात वरची एक कडी सुटत होती. ज्या मर्सी नावाच्या बाईपासून घराणं पुढं आलं ती या कॅप्टनची मुलगी होती याला पुरावा काय, असं त्यांनी विचारलं होतं. सासू ते दुःख घेऊनच गेली. मग ते रॉबर्टच्या थोरल्या बहिणीकडं आलं.

तिचं नाव एलेनॉर. लग्न केलं नव्हतं, शाळेत मुख्याध्यापिका होती. आता नव्वदीच्या घरात होती आणि नलूताईंच्या घराजवळच्या म्हाताऱ्यांच्या वसतिगृहात राहत होती. नलूताई तिला वन्सं म्हणत. "नवऱ्याच्या बहिणीला वन्सं म्हणायचं. गोरी असली म्हणून काय झालं." एलेनॉरला ती काहीतरी मानाची पदवी वाटायची. नलूताई म्हणायच्या, "आहेच की."

दोघींचं पन्नास वर्षांचं नातं त्यांनी मला एकदा गाडीत सांगितलं. लायब्ररीत खायला मनाई, म्हणून आम्ही त्यांच्या गाडीत हीटर लावून शेंगदाण्याची पोळी खात होतो. "ती मला कधी टाकून बोलली नाही," त्या म्हणाल्या. "वाढदिवसाला कार्ड, ख्रिसमसला हातमोजे. पण पन्नास वर्षांत एकदाही तिनं मला तिच्या ओट्याला हात लावू दिला नाही. कप उचलायला गेले तरी म्हणायची, नलिनी, तू पाहुणी आहेस." पोळीचा तुकडा मोडून त्या पुढं म्हणाल्या, "आणि आता म्हणते, नलिनी, तू हुशार आहेस, मी जायच्या आत एवढी मर्सी आमची करून दे."

मर्सी म्हणजे दया, असं त्यांनी मला सांगितलं. आमच्याकडंही दया नावाच्या मुली असतात.

शोधायची त्यांची एक पद्धत होती. आपल्यापासून सुरू करायचं आणि एकेक पायरी वर चढायचं. आई कोण, तिची आई कोण, तिची कोण. प्रत्येक पायरीला आधी मरण शोधायचं, मग लग्न, मग जन्म. मोठ्या माणसाला धरून वरून खाली कधी यायचं नाही. "वरून खाली येणारा हवं तिथं उतरतो," त्या म्हणायच्या. मरणाचं आणि जन्माचं गावच्या वहीत मिळतं. बारसं चर्चच्या वहीत. बायकांचं मात्र वह्यांत भागत नाही, कारण तिथं अमक्याची बायको एवढंच लिहिलेलं असतं. बायका सापडतात त्या बापाच्या मृत्युपत्रात, नाहीतर जमिनीच्या खरेदीखताखाली, नाहीतर कोर्टात. हे कागद कुठल्या कुठल्या गावांत पडलेले, पण आता कुणी कुणी त्यांचे फोटो काढून ठेवलेत. काही घरी बसून बघता येतात. काही मात्र लायब्ररीतल्याच मशिनवर उघडतात, म्हणून त्या खोलीत येऊन बसायच्या. अक्षर वाचायला त्यांना आधी वर्षभर लागलं. "माझे आजोबा मोडी वाचायचे," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, ते नुसतेच कागदाकडं बघत बसतात. आता माझी सून माझ्याबद्दल तसंच म्हणते."

मी त्यांना एकदा हेळव्याची आठवण सांगितली. आमच्या भागात सुगीच्या दिवसांत हेळवी यायचा, बैलावर बसून. दारात उभा राहून घराण्यातल्या पुरुषांची नावं खापरपणज्यापासून म्हणून दाखवायचा आणि धान्य घेऊन जायचा. नलूताईंनी भिंग खाली ठेवलं. "आमच्या मामांच्या गावी यायचा. मी सात-आठ वर्षांची असेन. त्यानं सगळी नावं म्हटली, माझ्या धाकट्या मामेभावाचं, पाळण्यातल्याचंसुद्धा. मी विचारलं, माझं? माझ्या आईचं? तर म्हणाला, पोरी, लेकींची नावं घेतली तर बैल चालायचा नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार. पण मामीनं त्या वर्षी त्याला शेरभर कमी घातलं."

त्यांना टोमणे कमी बसत नसत. एका गणपतीत, मंडळाच्या जेवणात, एक गृहस्थ माझ्या देखत त्यांना म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही या गोऱ्यांचे मुडदे कशाला उकरत बसता? आपल्याकडे काय घराणी कमी आहेत?" नलूताई पानावरची कोशिंबीर संपवत होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या मुलाचे निम्मे आजे-पणजे या मातीत आहेत. ते आता पोस्टानं परत पाठवू का?" गृहस्थ हसले. मग त्यांनी हळूच विचारलं, "आमच्या मुलीचं यूएस बॉर्न मुलाशी ठरतंय. त्याच्या घराण्याचं बघता येतं का हो?" नलूताई म्हणाल्या, "मुलगा बघा. घराणं मेलेलं असतं."

एलेनॉरची गंमत त्यांनी मला सांगितली ती अशी. त्याच घराण्यातल्या कुणा जोडप्याचं लग्न एका सालच्या एप्रिलात लागलेलं आणि पहिलं मूल त्याच सालच्या फेब्रुवारीत जन्मलेलं वहीत सापडलं. एलेनॉरचं जेवण गेलं. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. मग नलूताईंनी तिला समजावलं की त्या काळी त्या लोकांचं नवं वर्ष जानेवारीत लागत नव्हतं, मार्च संपता संपता लागायचं. म्हणजे त्या सालातला फेब्रुवारी एप्रिलच्या नंतर येतो. मूल चांगलं दहा महिन्यांनी झालेलं. नलूताई मला म्हणाल्या, "मला ते लगेच कळलं, कारण आपला पाडवाही तेव्हाच. वन्संना पटायला अर्धा तास लागला. पटल्यावर त्यांनी केक मागवला."

अशा हसतखेळत चाललेल्या कामाला त्या शरद ऋतूत वेगळं वळण लागलं.

मर्सीबद्दल नलूताईंकडं दोन गोष्टी होत्या. कॅप्टनला मर्सी नावाची मुलगी झाल्याची गावच्या वहीतली नोंद, आणि पुढं वीसेक वर्षांनी पिंपं करणाऱ्या एका माणसाशी "कॅप्टनच्या घरची मर्सी" हिचं लग्न लागल्याची नोंद. सासूनं या दोन नोंदी धरल्या होत्या. तिसरा काहीतरी कागद मिळाला की संस्था मान्य करील, असं नलूताईंनाही वाटत होतं. एका शनिवारी मी गेले तेव्हा त्या पडद्याशी बोलत नव्हत्या. हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"मिळालं," त्या म्हणाल्या. "आणि नको तसं मिळालं."

कॅप्टनचं मृत्युपत्र होतं ते. त्यांनी मला एकेक ओळ मराठीत सांगितली. मुलगे, त्यांच्या जमिनी. मग मुली, प्रत्येकीच्या नावासकट, कुणाला किती चांदीचे चमचे. त्यांत मर्सी नव्हती. अगदी खाली, घोडा आणि खोगीर कुणाला ते झाल्यावर, एक ओळ होती. माझी मोलकरीण मर्सी हिला, ती लग्न करील तेव्हा, एक कालवड आणि ती झोपते ती गादी.

मग त्यांनी गावच्या वहीचं दुसरं पान उघडलं. कॅप्टनची मर्सी जन्मल्यावर थोड्याच दिवसांत वारली होती. ते पान पुढं मागं लागलेलं, सासूला दिसलं नव्हतं.

"घरची म्हणजे घरात राहणारी," नलूताई म्हणाल्या. "या लोकांनी लेक समजली."

चौथीनंतर मला शाळेतून काढून एका इनामदारांच्या घरी मूल सांभाळायला ठेवलं होतं. लग्न होईपर्यंत मी त्यांच्याकडंच होते. अख्ख्या गावात मला इनामदारांची शेवंता म्हणायचे, आणि बाहेरगावची माणसं कधी कधी नमस्कार करायची. हे नलूताईंना मी पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा पडद्याकडं बघितलं.

पल्लवी आम्हाला घ्यायला वर आली तेव्हा त्यांनी तिलाही दाखवलं. पल्लवी म्हणाली, "काकू, मग हे विल पाठवूच नका ना. बर्थ आणि मॅरेज तर मॅच होतंय. थोडं नीट लिहून सबमिट करून टाका. कोण चेक करणार आहे?"

"मी केलंय ना चेक."

"पण त्या आजी किती खूश होतील. त्यांचे दिवसच किती राहिलेत, यार."

"म्हणूनच," नलूताई म्हणाल्या. "काचेखाली जे दिसलं ते मी जन्मभर लिहीत आले. घरच्यांना वाईट वाटेल म्हणून रिपोर्ट बदलला असता तर किती माणसं मारली असती मी."

"हे काय कॅन्सर आहे का काकू?"

नलूताईंनी मशिन बंद केलं. गाडीपर्यंत जाताना त्या मला म्हणाल्या, "पोरगी खोटं बोलत नाही. कुणी मरणार नाहीये यात. तेच तर अवघड आहे."

पुढच्या रविवारी त्यांनी मला बरोबर घेतलं. खीर करून आण म्हणाल्या, एलेनॉरला मऊ लागतं. मला कळत होतं की खीर हे निमित्त आहे. एलेनॉर खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. केस नीट बसवलेले, गळ्यात मोत्यांचा सर. माझ्याकडं पाहून तिनं मान लववली, जशी शाळेत पालकांना लववत असेल. मला इंग्रजी बोलता येत नसलं तरी नातीमुळं बरंचसं कळतं. त्या दिवशी सगळं कळलं.

नलूताईंनी प्रस्तावना केली नाही. म्हणाल्या, "वन्सं, ती कॅप्टनची मुलगी नव्हती. त्याच्या घरी कामाला होती."

एलेनॉरनं कागद हातात घेतला नाही. "तुझी खात्री आहे?"

"आहे."

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"मला. हिला. आणि हिच्या सुनेला."

एलेनॉरनं तोंड खिडकीकडं वळवलं. मग शांतपणे म्हणाली, "माझ्या आईनं यासाठी तीस वर्षं घालवली. तू अर्जावर नुसती सही करू शकली असतीस, नलिनी."

"हो. शकले असते."

"तू कधीच आमच्यातली झाली नाहीस."

नलूताईंनी मान खाली घातली. आम्ही उठलो. खीर टेबलावर तशीच राहिली.

त्यानंतर एलेनॉर त्यांना भेटेना. नलूताई दर रविवारी जायच्या, पुढच्या दालनात बसायच्या, आतून निरोप यायचा की बाई झोपल्या आहेत. त्या थोडा वेळ बसून परत यायच्या. फ्रीमाँटहून मुलगा म्हणाला, "आई, जस्ट सॉरी म्हण ना." त्या म्हणाल्या, "कशाबद्दल?" पण त्या खचल्या होत्या. बर्फात चालताना आता माझा हात धरायच्या. एकदा गाडीत बसल्यावर किल्ली न फिरवताच म्हणाल्या, "मी तिचा कॅप्टन नेला शेवंता. हात रिकामा करून आले तिचा. आता काहीतरी ठेवायला पाहिजे त्यात."

मग त्या मर्सीच्या मागं लागल्या. आधी त्यांना फक्त तिचा बाप हवा होता. आता ती हवी होती. असल्या मुलीचं कुठं काय असणार, असं मला वाटायचं. पण कोर्टाच्या वह्यांत गरिबांचं फार सापडतं, असं त्या म्हणायच्या, श्रीमंतांपेक्षा जास्त. जहाजातून येताना मर्सीचे आईबाप दोघंही वारले होते. कोर्टानं तिला अठरा वर्षांची होईपर्यंत कॅप्टनच्या घरी कामाला बांधून दिलं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. एका हिवाळ्यात ती कुणाला न सांगता घरातून निघून बर्फातून चालत शेजारच्या गावी गेली. धरून आणली. का गेलीस, असं कोर्टानं विचारलं. नलूताईंनी मला ती ओळ वाचून दाखवली. मुलीनं काही उत्तर दिलं नाही, असं लिहिलं होतं. परत विचारलं, तरी दिलं नाही.

"तुझ्यासारखी," नलूताई म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी हसल्या.

मग एक खरेदीखत मिळालं. मर्सीच्या नवऱ्यानं थोडी जमीन विकली होती आणि बायकोची संमती म्हणून तिनं खाली खूण केली होती. लिहिता न येणारी बहुतेक माणसं फुली मारायची. मर्सीची खूण चिमणीच्या पायासारखी होती, तीन रेघा आणि मागं एक लहानशी. नलूताईंनी ती मोठी करून छापून घेतली आणि घडी न घालता दोन पुठ्ठ्यांत ठेवली.

फोन एलेनॉरकडूनच आला. नलूताई मला म्हणाल्या, "तिनं एवढंच म्हटलं, येताना तुझ्या त्या मोलकरणीला घेऊन ये." मला वाटलं, माझ्याबद्दलच म्हणतेय. नलूताई म्हणाल्या, "दोघी चला."

एलेनॉर आता पलंगावर होती. मोती नव्हते. खोली गरम होती तरी अंगावर दोन पांघरुणं. नलूताई शेजारी बसल्या आणि त्यांनी मर्सीचं सगळं सांगितलं, मृत्युपत्रापासून नाही, जहाजापासून. एलेनॉरनं डोळे मिटून घेतले होते. ऐकते की झोपली, मला समजेना. कोर्टात मुलगी बोलली नाही तिथं आल्यावर ती डोळे न उघडताच म्हणाली, "शहाणी होती."

नलूताईंनी पुठ्ठे उघडून खूण तिच्या हातात दिली. एलेनॉरला आता नीट दिसत नव्हतं. तिनं कागद नाकाशी नेला, मग त्या रेघांवरून बोट फिरवलं. "आईला हे आवडलं नसतं," ती म्हणाली.

"नसतं."

"बरं झालं, ती नाही." मग तिनं विचारलं, "आणि ती कालवड? ती तिला मिळाली का?"

नलूताईंनी पिशवीतून आणखी एक कागद काढला. त्यांनी तो आणला होता, पण दाखवायचा की नाही हे ठरवलं नसावं. पिंपं करणारा नवरा तरुणपणीच वारला होता, आणि कोर्टाची माणसं घरातल्या जिनसांची मोजदाद करून गेली होती. त्यांनी वाचलं. एक कढई, पिंपं करायची हत्यारं, दोन गाद्या, एक म्हातारी गाय.

एलेनॉरनं डोळे उघडले. "तीच ती."

"तसं म्हणता येणार नाही, वन्सं. दुसरी कुठली तरी असेल. वर्षं जुळतात, पण एवढ्यावरून..."

"नलिनी," एलेनॉर म्हणाली, "ती तीच आहे."

मी नलूताईंकडं बघितलं. हातात कागद होता, भिंग गळ्यात होतं. मग त्या माझ्याकडं वळून मराठीत, अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "असू दे."

एलेनॉरनं ते काय म्हणून विचारलं नाही. ती म्हणाली, "थंडी वाजतेय. कपाटात मोजे आहेत. आणि ओट्यावर किटली आहे, चहा कर. साखर कुठं आहे ते तुला माहीत नसेल."

"शोधते," नलूताई म्हणाल्या.

पल्लवी मला न्यायला आली होती, म्हणून मी निघाले. त्या महिन्याच्या शेवटी मी गावी गेले, भाच्याचं लग्न होतं, आणि नंतर गुडघ्याच्या दुखण्यानं सहा महिने तिथंच राहिले. परत आले तोवर एलेनॉर गेली होती आणि नलूताई फ्रीमाँटला मुलाकडं राहायला गेल्या होत्या. फोनवर बोलणं होतं. दिसणं झालं नाही. म्हणून मला त्या अजून त्याच दिवशीच्या दिसतात. एलेनॉरची खोली तळमजल्यावर होती. गाडीत बसताना मी वळून खिडकीतून पाहिलं. एलेनॉर उशीला टेकून बसली होती आणि भरभर काहीतरी सांगत होती, हात वर करून, कदाचित आईबद्दल, कदाचित गायीबद्दल. ओट्यावर किटलीतून वाफ निघत होती. नलूताई पलंगाच्या पायथ्याशी बसल्या होत्या. त्यांनी भिंग पाठीवर टाकलं होतं, मध्ये येऊ नये म्हणून, आणि एलेनॉरचा एक पाय मांडीवर घेऊन त्या तिला मोजा घालत होत्या. टाच बसत नव्हती. त्या पुन्हा काढून पुन्हा घालत होत्या.